चार बोटांचा मासा

रत्नागिरीच्या सिव्हिलात मशीनवर रेघ आली
ओहोटीच्या पुळणीसारखी, सपाट.
डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान.
येताना एस्टीत बायको काही बोलली नाही.
शमिका, अकरा महिन्यांची,
खिडकीच्या गजाला हिरड्या लावून
त्याची थरथर चाखत बसली,
पार आडिवऱ्यापर्यंत.

मग मंगळवारी नफिसाबाई येऊ लागल्या, सोलकरांच्या.
त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही.
पिशवीत पाटी, पेन्सिल,
बांगड्या एकाच हातात; दुसरा बोलण्यासाठी मोकळा.
पहिल्या दिवशी पाटीवर लिहिलं:
पोरीला नंतर. आधी तुम्ही शिका.

बंदीचे दिवस. बोट वर ओढलेली, झापांखाली.
ओटीवर आम्ही नवराबायको, बालवाडीतल्यासारखे मांडी घालून.
दूध: मूठ मिटायची, उघडायची, धार काढतात तशी.
आई: नाकपुडीवर बोट, चमकीच्या जागी.
बाबा: मिशीला पीळ.
मला मिशी नव्हती.
ठेवली.

शेजारी म्हणायचे, हातवारे शिकवलेत
तर जीभ जड राहील पोरीची.
जीभ!
वीस वर्षं मी सहा सिलिंडरच्या इंजिनाला टेकून उभा आहे.
तिथं कोण जिभेनं बोलतं?
तांडेल पंजा खाली दाबतो: हळू.
मनगट फिरवतो: ओढा.
मूठ आवळतो, की सात माणसं जागच्या जागी.
आमच्या जिभांसाठी कुणी नवस बोललं नाही कधी.

तरी घरात हात उचलताना लाज वाटायची.
दूध, दूध, दूध, दिवसाला शंभरदा.
ती माझी मूठ धरायची आणि चोखायची.
रात्री लाइट गेली की घर खरंच मुकं.
मग बायको बॅटरी धरायची हातांवर,
एकदा माझ्या, एकदा तिच्या.
अशाच एका रात्री त्या उजेडाच्या चकतीत
एक इवलीशी मूठ
उघडली. मिटली. परत उघडली.
बॅटरी माझ्या अंगावर टाकून बायको धावली दुधाकडे,
आणि आम्ही दोघं अंधारात, न बोलता.

पुढे शब्द आले कुर्ल्यांसारखे,
आडवे, कुठल्याही बिळातून.
कावळ्याला मांजर म्हणाली.
नारळाला दूध म्हणाली; चूक कशी म्हणू?

दीड वर्षाची झाली तेव्हा मासा.
मासा: पंजा उभा, शेपटी हलवत पुढे.
माझं मधलं बोट दोन पेरं कमी आहे,
विंचच्या दोरात गेलं, लग्नाच्या वर्षी.
तर तिनं मासा केला तो असा:
उजवा पंजा सोडला हवेत,
आणि डाव्या हातानं त्याचं मधलं बोट
दुमडून धरलं, घट्ट.

बाईंनी सरळ केलं.
तिनं दुमडलं.
बाईंनी सरळ केलं.
तिनं दुमडलं, आणि बघितलं माझ्या हाताकडे.
बाईंनीही बघितलं.
मी हात मांडीखाली घेतला.
बाईंनी ओढणीनं पाटी पुसली, लिहिलं:
राहू दे. हा तुमच्या घरचा हेल.

हेल.
विजयदुर्गाची खाडी ओलांडली की
‘कुठं’चं ‘खंय’ होतं,
त्याला कोणी सरळ करत नाही.
मांडीखालून हात काढायला मला
चहा येईपर्यंत वेळ लागला.

पुनवेला नारळ सोडला, बोट उतरली.
धक्क्यावर अख्खं गाव ओरडत होतं,
इंजिन लागलं आणि कुणाचं कुणाला पोचेना.
बायकोच्या कडेवर शमिका,
डाव्या हातानं बोट दुमडून.
तांडेलानं सुकाणूवरून हातानंच विचारलं: काय?
मी दाखवलं.
त्यानं आपलं धड मधलं बोट
थोडा वेळ निरखलं,
दुमडलं,
आणि तिचा मासा तिला परत पाठवला.